लहान पेढीचा आल्बम आणि मोठें पारितोषिक

एखाद्या कलाकृतीला मोठें पारितोषिक मिळालें म्हणजे तिच्या गुणांवर राजमुद्राच उमटली, अशी आपली समजूत असते. आणि तें तिला मिळालें नाहीं तर तिच्यांत कांहीं तरी उणें असावें, असें मानण्याकडे आपला कल असतो. परंतु पारितोषिक हें शेवटीं माणसांनीं केलेल्या नियमांनीं, माणसांच्या मतांनीं आणि मोजणीच्या एका ठराविक पद्धतीनें दिलें जातें. ते नियम व ती मोजणी समजून न घेतां निकालाचा अर्थ लावूं गेलें, तर आपला आनंद आणि आपला राग दोन्ही अस्थानीं ठरण्याचा संभव असतो.

आज ज्या निकालाविषयीं मी बोलणार आहें, तो १३ फेब्रुवारी २०११ रोजीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं जाहीर झाला. त्या रात्रीं ‘ग्रॅमी’ पारितोषिकांपैकीं ‘वर्षांतील सर्वोत्कृष्ट आल्बम’ हा मान कॅनडांतील ‘आर्केड फायर’ नांवाच्या मेळाच्या ‘द सबर्ब्ज’ या आल्बमला मिळाला. गंमत अशी, कीं त्याच दिवशीं या आल्बमचा त्याच्या स्वतःच्या शाखेंत पराभव झालेला होता. आपल्या तालमींत हरलेल्या मल्लानें फडावरची मानाची गदा घेऊन जावी, तसा हा प्रकार! तो कसा घडला आणि त्यापासून आपण श्रोत्यांनीं काय घ्यावें, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम या पारितोषिकाची थोडी ओळख करून घेऊं. ‘ग्रॅमी’ हें नांव ‘ग्रामोफोन’ या शब्दापासून आलें आहे आणि विजेत्याला मिळणारें सन्मानचिन्हही सोनेरी रंगाच्या लहानशा ग्रामोफोनचेंच असतें. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांतील लोकांनीं १९५७ सालीं एक अकादमी स्थापन केली आणि तिनें पहिलीं पारितोषिकें ४ मे १९५९ रोजीं दिलीं. त्या वेळीं सर्वोत्कृष्ट आल्बमचा मान हेन्री मॅन्सिनी यांनीं ‘पीटर गन’ या दूरचित्रवाणी-मालिकेसाठीं रचलेल्या संगीताला मिळाला. आपल्याकडील रसिकांनाही हें नांव परकें नाहीं. पंडित रविशंकर यांच्या प्रेरणेनें १९७१ च्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्क येथें बांगलादेशांतील पीडितांच्या साहाय्यार्थ जो जलसा झाला, त्याच्या ध्वनिमुद्रणाला १९७३ सालीं हेंच सर्वोत्कृष्ट आल्बमचें पारितोषिक मिळालें होतें. आणि मुंबईचे उस्ताद झाकीर हुसेन यांना २०२४ सालीं एकाच दिवशीं तीन ग्रॅमी मिळाल्या, ही गोष्ट तर अनेकांच्या स्मरणांत ताजी असेल.

या पारितोषिकाचें मुख्य तत्त्व असें, कीं विक्रीचा आंकडा लक्षांत घ्यावयाचा नाहीं. केवळ गुण पाहावयाचा. आणि तो पाहणारे कोण? तर गायक, वादक, संगीतरचनाकार, ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ, निर्माते. म्हणजे स्वतः त्या व्यवसायांत असलेले सभासद. सोन्याची पारख सोनारांनींच करावी, असा हा विचार आहे. तो योग्य कीं अयोग्य, याचा निर्णय आपण शेवटीं करूं.

आतां ‘आल्बम’ म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीनसाडेतीन मिनिटांपेक्षां फारसें कांहीं मावत नसे. मोठी रचना असली म्हणजे ती चारसहा तबकड्यांवर विभागून, त्या तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधणींत घालून विकीत. त्या वहीवरून ‘आल्बम’ हा शब्द रूढ झाला. १९४८ सालीं मिनिटाला तेहतीस व एकतृतीयांश फेऱ्या अशा मंद गतीनें फिरणारी दीर्घ तबकडी अमेरिकेंत बाजारांत आली आणि एकाच तबकडीच्या एकेका बाजूवर वीसपंचवीस मिनिटें संगीत मावूं लागलें. वही गेली, शब्द राहिला. त्याबरोबर एक नवी कलाही जन्माला आली. दहापंधरा गाणीं केवळ एकत्र बांधावयाचीं नाहींत, तर एकानें दुसऱ्याला वाट करून द्यावी, आरंभींचा विषय शेवटीं निराळ्या अर्थानें परत यावा, अशा रीतीनें तीं रचावयाचीं, ही ती कला. पुढें २००३ नंतर इंटरनेटवर सुटें गाणें विकत घेण्याची सोय झाली, आणि सबंध आल्बम सलग ऐकण्याची संवय झपाट्यानें मोडूं लागली. ‘द सबर्ब्ज’चा जन्म अशा काळांतला आहे.

‘इंडी रॉक’ या नांवाचाही उलगडा करूं. विजेवर चालणारी गिटार, बास आणि ड्रम यांच्या भरदार ठेक्यावर उभें असलेलें संगीत तें रॉक. ‘इंडी’ हा ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचा संक्षेप होय. २०११ सालीं जगांतील ध्वनिमुद्रणाचा बहुतेक व्यापार युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर आणि ईएमआय या चार बड्या कंपन्यांच्या हातीं होता. ईएमआयची वांटणी २०१२ सालीं झाली आणि त्या तीनच उरल्या. या कंपन्यांच्या बाहेर राहून, लहानशा पेढीमार्फत आपलें संगीत प्रसिद्ध करणारे ते इंडी. अशा पुष्कळ पेढ्यांत कागदोपत्रीं व्यवहार थोडा आणि नफ्याची वांटणी निम्मेनिम्म असते. जाहिरातीला पैसा कमी. पण कोणतीं गाणीं घ्यावीं व कोणतीं वगळावीं, हें कलावंतास सांगणारा मालकही डोक्यावर नसतो.

‘द सबर्ब्ज’ अमेरिकेंत प्रसिद्ध करणारी ‘मर्ज रेकॉर्ड्स’ ही अशीच एक पेढी. नॉर्थ कॅरोलायना प्रांतांत लॉरा बॅलन्स आणि मॅक मॅक्कॉन या दोघांनीं ती १९८९ सालीं काढली. हीं दोघें व्यापारी नव्हत. ‘सुपरचंक’ नांवाच्या मेळांत तीं स्वतः वाजवीत असत आणि आपलें व आपल्या मित्रांचें संगीत लोकांपुढें यावें म्हणून त्यांनीं हा उद्योग आरंभला होता. आर्केड फायर या मेळाचा पहिला मोठा आल्बम ‘फ्यूनरल’ याच पेढीनें २००४ सालीं काढला. तो तयार होत असतांना मेळांतील अनेकांच्या घरीं मृत्यु घडले होते. म्हणून त्याचें नांव ‘अंत्ययात्रा’ या अर्थाचें. तो आणि त्यानंतरचा २००७ सालचा ‘निऑन बायबल’ हे दोन्ही आल्बम ग्रॅमीच्या ‘आल्टर्नेटिव्ह’ या शाखेच्या अंतिम यादींत आले होते आणि दोन्ही वेळां रिकाम्या हातीं परतले होते. रुळलेल्या वाटेबाहेरच्या रॉक संगीतासाठीं ही शाखा १९९१ सालीं सुरू झाली. तिचें पहिलेंच पारितोषिक आयर्लंडच्या शिनेड ओकॉनर यांना मिळालें आणि त्यांनीं तें नाकारलें, हेंही येथें सांगून ठेवण्यासारखें आहे.

तथापि ‘स्वतंत्र’ या शब्दाचा सोवळेपणाही फार ताणूं नये. हाच आल्बम ब्रिटनमध्यें ‘मर्क्युरी’नें, म्हणजे बड्या युनिव्हर्सलच्या एका शाखेनें, प्रसिद्ध केला. मूळ ध्वनिमुद्रणावरील मालकी मेळानें आपल्या हातीं ठेवली होती आणि निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या कंपन्यांना तें प्रसिद्ध करण्याचा परवाना दिला होता. स्वातंत्र्याचें मर्म पेढीच्या लहानपणांत नसून मालकी कोणाच्या हातीं आहे यांत असतें, हें यावरून कळून येईल.

आतां प्रत्यक्ष आल्बमकडे वळूं. मेळाचे प्रमुख गायक विन बटलर आणि त्यांचे बंधु विल यांचें बालपण टेक्सास प्रांतांत ह्यूस्टन शहराच्या उत्तरेस असलेल्या ‘द वुडलँड्स’ या वसाहतींत गेलें. जॉर्ज मिचेल या तेलाच्या व्यापाऱ्यानें १९७४ सालीं ती आंखून वसविली. आपल्याकडे उपनगर म्हटलें म्हणजे आगगाडीच्या स्थानकाभोंवतीं दाटलेली वस्ती डोळ्यांपुढें येते. अमेरिकेंतील उपनगर याच्या उलट: रुंद रस्ते, सारखीं दिसणारीं घरें, पुढें हिरवळ, आणि मोटारीशिवाय कोठेंही जातां येऊं नये इतकीं लांब अंतरें. विन बटलर पुढें माँट्रियल येथें गेले. हैटी देशांतून आलेल्या कुटुंबांतील रेजीन शासान्य यांची त्यांना तेथें सोबत लाभली आणि या मेळाला आकार आला. त्यांत गिटार व ड्रम यांच्या जोडीला व्हायोलिन आहेत, ॲकॉर्डियन आहे, पियानो आहे, आणि वादक एका वाद्यावरून दुसऱ्यावर सहज जातात.

या आल्बममध्यें सोळा गाणीं असून तो एक तासाहून थोडा अधिक चालतो. लहानपणीं ज्या रस्त्यांचा कंटाळा आला, तेच रस्ते मोठेपणीं का आठवतात? मोटारींतून हिंडण्यांत गेलेला वेळ वांया गेला काय? पत्राच्या उत्तराची वाट पाहण्याची संवय गेली, तेव्हां तिच्याबरोबर आणखी काय गेलें? असे प्रश्न त्यांतून पुनःपुन्हां डोकावतात. आपण उपनगरांची स्तुति केली नाहीं किंवा निंदाही केली नाहीं, हें उपनगरांतून लिहिलेलें एक पत्र आहे, अशा आशयाचे उद्गार विन बटलर यांनीं काढले होते. पहिल्या गाण्याचा धागा अखेरच्या लहानशा गाण्यांत मंद होऊन परत येतो. म्हणून हा आल्बम सुट्या गाण्यांनीं कळत नाहीं. तो आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावा लागतो. ज्या काळांत सलग ऐकणें लोप पावत होतें, त्या काळांत असा आग्रह धरणें हेंच एक धाडस होतें.

या आल्बमपुढें जे चार प्रतिस्पर्धी होते, ते सामान्य नव्हत. रॅप गायक एमिनेम यांचा ‘रिकव्हरी’ हा २०१० सालीं अमेरिकेंत सर्वांत अधिक खपलेला आल्बम. त्या एका वर्षांत त्याच्या चौतीस लाखांवर प्रती गेल्या. लेडी गागा यांचा ‘द फेम मॉन्स्टर’ आणि केटी पेरी यांचा ‘टीनएज ड्रीम’ हे दोन लोकप्रिय पॉप संगीताचे; आणि ‘लेडी अँटिबेलम’ या मेळाचा ‘नीड यू नाउ’ हा कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण वळणाच्या, संगीताचा. ‘द सबर्ब्ज’ अगदींच अज्ञात नव्हता. १ लाख ५६ हजार प्रतींच्या खपानिशीं तो पहिल्याच आठवड्यांत अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं आला होता. परंतु घरोघरीं ठाऊक असलेल्या या चौघांपुढें त्याचें नांव लहानच होतें. बार्ब्रा स्ट्रायसँड यांनीं निकाल वाचला, तेव्हां ‘हे कोण?’ असा प्रश्न दूरचित्रवाणीपुढें बसलेल्या पुष्कळांनीं उघडपणें केला.

मघांशीं सांगितलेलें कोडें येथेंच आहे. त्या दिवशीं रॅप शाखेंतील सर्वोत्कृष्ट आल्बम ‘रिकव्हरी’ ठरला, पॉप शाखेंतील ‘द फेम मॉन्स्टर’, कंट्री शाखेंतील ‘नीड यू नाउ’. ‘द सबर्ब्ज’ मात्र आपल्या आल्टर्नेटिव्ह शाखेंत ‘द ब्लॅक कीज’ या मेळाच्या ‘ब्रदर्स’कडून हरला. आणि सर्वांत मोठा मान गेला तो या हरलेल्याकडे!

याचा उलगडा मोजणीच्या रीतींत शोधावा लागतो. शाखांच्या पारितोषिकांसाठीं मत देतांना सभासदाला मर्यादा असते. आपल्या परिचयाच्या कांहीं शाखांतच त्यानें मत द्यावें, अशी अपेक्षा असते. सर्वसाधारण विभागांतील मोठ्या पारितोषिकांसाठीं मात्र प्रत्येक मतदार सभासदाला मत देतां येतें. म्हणजे दोन्हीकडील मतदार तेच नव्हत. दुसरें असें, कीं ज्याला सर्वांहून अधिक मतें पडतील तो विजयी. अर्ध्याहून अधिक मतें मिळालींच पाहिजेत, असें बंधन नाहीं. समजा, शंभर मतदार आहेत आणि पांच उमेदवारांना अनुक्रमें २४, २२, २०, १८ व १६ मतें पडलीं. पहिला जिंकला खरा. परंतु ७६ जणांनीं त्याला निवडलेला नाहीं. अकादमी मतांचे आंकडे प्रसिद्ध करीत नाहीं; तेव्हां हे आंकडे केवळ दाखल्यासाठीं घेतले आहेत, हें ध्यानांत असूं द्यावें.

आतां दोन्ही याद्या शेजारीं ठेवून पाहा. आल्टर्नेटिव्ह शाखेंत पांचही उमेदवार जवळपास एका वळणाचे होते. तेथें या वळणाची आवड असलेल्या मतदारांचीं मतें पांच ठिकाणीं विभागलीं जाणार. सर्वसाधारण यादींत या वळणाचा उमेदवार एकच होता. ‘ब्रदर्स’ तेथें नव्हता. उलट पॉप संगीताचे उमेदवार तेथें दोन होते आणि एकमेकांचीं मतें खाणारे होते. वाद्यें हातानें वाजवून, सबंध आल्बम एका सूत्रांत गुंफणाऱ्या कलेविषयीं ज्या ज्या वादकाला, तंत्रज्ञाला जिव्हाळा होता, त्याचें मत या एका ठिकाणीं येऊन पडलें असावें. हें अनुमान आहे. पण कोड्याचें याहून सरळ उत्तर मला दिसत नाहीं.

या निकालावर टीकाही झाली, आणि ती विचार करण्याजोगी आहे. संगीत-व्यवसायांतील स्टीव्ह स्टाउट या गृहस्थांनीं २० फेब्रुवारी २०११ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें पानभर जाहिरात देऊन अकादमीवर ठपका ठेवला. ज्या कलावंतांनीं सध्यांच्या संस्कृतीला वळण दिलें, त्यांनाच ही संस्था डावलते, असा त्यांचा आक्षेप होता. त्याला आधार नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. एमिनेम यांचा आल्बम या मोठ्या पारितोषिकाच्या यादींत येऊन हरण्याची ही तिसरी वेळ होती. २०११ पर्यंत रॅपच्या परंपरेंतील केवळ दोन आल्बमना हा मान मिळाला होता: १९९९ सालीं लॉरिन हिल यांना व २००४ सालीं ‘आउटकास्ट’ यांना. पुढें बियॉन्से यांना चार वेळां हुलकावणी देऊन तो २०२५ सालीं लाभला. अकादमीनेंही आपल्या पद्धतींत फेरफार केले आहेत. २०११ सालीं पहिल्या फेरींत पुढें आलेल्या नांवांतून अंतिम पांच नांवें एक गुप्त समिति निवडीत असे. अशा समित्या २०२१ सालीं मोडण्यांत आल्या. अंतिम यादी २०१९ सालीं पांचांवरून आठांवर आणि २०२२ सालीं दहांवर गेली, आणि २०२४ पासून ती पुन्हां आठांवर आली आहे.

यांतून एक अवघड गोष्ट लक्षांत येते. ज्या रीतीनें लहान पेढीच्या एका निष्ठावंत मेळाला अनपेक्षित न्याय दिला, त्याच रीतीनें दुसऱ्या एका मोठ्या परंपरेची वर्षानुवर्षें उपेक्षा केली. सोनारांना सोन्याची पारख असते, हें खरें. पण आपण ज्या पद्धतीचे दागिने घडवितों, तेच त्यांच्या नजरेंत अधिक भरतात, हेंही तितकेंच खरें. विक्रीचा आंकडा बाजूला सारला म्हणजे पक्षपात संपला, असें होत नाहीं; तो केवळ निराळ्या वाटेनें आंत येतो.

मग ‘द सबर्ब्ज’चा विजय हा मोजणीचा चमत्कारच होता काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. आणि याला पुरावा आहे. कॅनडामध्यें २००६ पासून ‘पोलॅरिस’ नांवाचें एक पारितोषिक दिलें जातें. त्याची रीत अगदीं वेगळी: समीक्षक व नभोवाणीवरील जाणकार यांतून निवडलेले अकरा परीक्षक समारंभाच्या रात्रीं एका खोलींत बसून, वाद घालून निर्णय करतात. २०११ च्या सप्टेंबरांत या अकरांनींही ‘द सबर्ब्ज’लाच निवडलें. त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें परदेशीय आल्बमचें ‘ब्रिट’ पारितोषिक आणि कॅनडाचें ‘जुनो’ पारितोषिकही त्याला मिळालें. निरनिराळ्या तराजूंत घातलेली वस्तु प्रत्येक वेळीं भारीच भरत असेल, तर सारा दोष तराजूचा म्हणून भागणार नाहीं.

पारितोषिकाचें खरें मोल काय, या प्रश्नाला माझें उत्तर असें आहे. पारितोषिक गुण निर्माण करीत नाहीं, आणि गुणाचें अचूक मापही करीत नाहीं. तें एक दार उघडतें. ज्यांनीं कधीं नांव ऐकलें नव्हतें, अशा लाखों लोकांनीं त्या रात्रीं ‘हे कोण?’ असें विचारलें. त्या प्रश्नांत उपहास होता हें खरें. पण विचारणाऱ्यांपैकीं कांहीं तरी पुढें होऊन, तासभर स्वस्थ बसून, तो आल्बम ऐकते झाले असतील. लहान पेढ्यांना जाहिरातीच्या पैशानें जें साधत नाहीं, तें अशा एका प्रश्नानें साधतें. आणि ज्यांना तें पारितोषिक मिळालें नाहीं, त्यांचें संगीत दुसऱ्या दिवशीं तिळभरही उणें झालें नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, पुढच्या वेळीं अशा पारितोषिकांची यादी वर्तमानपत्रांत वाचाल, तेव्हां विजेत्याचें नांव वाचून पान उलटूं नका. यादींतील हरलेलीं नांवेंही टिपून ठेवा, आणि त्यांतील एखादा आल्बम मध्येंच न थांबवितां सबंध ऐका. मतें मोजण्याचें काम अकादमीचें. ऐकण्याचें काम आपलें आहे, आणि तें आपल्यासाठीं दुसऱ्या कोणालाही करतां येणार नाहीं.